ओरडून न सांगता येणारं

१२ नोव्हेंबर २००६, हेंद्रेपाडा

आज दिवसभरात माझ्या वाट्याला आलेलं बोलणं — "जेवा." "सरका." बस्स!

तेही ओठांवरून ओळखलं. पस्तीस वर्षं अंबरनाथला कारखान्यात प्रेस मशीनवर काढली, कान तिथेच ठेवून आलो. कानातलं मशीन शिट्टी मारतं, डोकं उठतं. कपाटात पडलंय. विठा होती तोवर दंडाला धरून, जवळ येऊन बोलायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली. आता माझ्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. माणसाला कंटाळा येतो. मलाही आला असता.

१९ नोव्हेंबर

सूनबाईने तिचा जुना मोबाइल दिला. म्हटलं, शलाका, बहिऱ्याला फोन? चेष्टा करतेस का! तिने वहीवर लिहिलं — "ऐकायचा नाही, बाबा. वाचायचा."

मेसेज! इंग्रजी अक्षरांत मराठी. एकेका बटणात तीन-तीन अक्षरं. उजव्या अंगठ्याचं टोक प्रेसने खाल्लेलं, म्हणून डाव्याने दाबतो.

२० नोव्हेंबर

जमत नाही. ठेवून दिला.

३ डिसेंबर

बबनचा नंबर मिळाला! शलाका उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये कामाला जाते, त्याच गल्लीत तो राहतो. बबन म्हणजे माझ्या शेजारच्या प्रेसवरचा. तोही ठार बहिरा. रिटायर झाल्यावर दोनदा भेटलो. दोघं एकमेकांवर ओरडतोय आणि लोक हसतायत — मग जाणंच सोडलं. सात वर्षं झाली.

लिहिलं, "बबन, मी कोंडाजी." तासाभराने हातात फोन थरथरला. "कोंड्या, मेला नाहीस अजून?"

हसलो. मोठ्याने हसलो असणार. शलाका कणकेच्या हातांनी धावत बाहेर आली.

१७ डिसेंबर

रोज चार-पाच मेसेज. काय खाल्लं, पोट साफ झालं का, कोण गेलं. कारखान्यात आमच्या शॉपमधला दौलतराव मार्चमध्येच गेला म्हणे. मला कुणी कळवलंच नाही. बबन लिहितो, "रडू नको, तो तुला शिव्या द्यायचा." खरंच द्यायचा!

थकवा तसाच आहे. गुडघे, दुपार, समोरची भिंत. पण चारच्या सुमारास खिसा थरथरतो, म्हणून चारपर्यंत तग धरतो.

९ जानेवारी २००७

चार दिवस बबनचा मेसेज नाही. जेवण जात नाही.

१३ जानेवारी

आला! मोतीबिंदू काढला, दुसऱ्या डोळ्याने तसंही दिसत नव्हतं. "आंधळा पण झालो होतो रे. कुणी वाचून दाखवलं तरी ऐकू कुठे येतं?"

२१ जानेवारी

स्वयंपाकघरातून शलाकाचा मेसेज — "बाबा, चहा?" मी लिहिलं, "साखर कमी." मग बराच वेळ चाललं आमचं. सहा पावलांवर ती, मी खाटेवर! आठ वर्षं एका घरात आहोत. तिला दुधी आवडत नाही हे आज कळलं.

४ फेब्रुवारी

"बाबा, मी मंगळवारी जातेय. कायमची."

मला वाटलं चुकीचं वाचलं. "कुठे?" एवढंच लिहिलं.

"अंबरनाथला, मैत्रिणीकडे. सुजित हात उचलतो. तीन वर्षं झाली. सगळ्या बिल्डिंगला ऐकू जातं. तुम्हाला ओरडून कसं सांगणार होते?"

जरा वेळाने आणखी एक. "म्हणून तर फोन दिला. मी गेल्यावर तुमच्याशी कुणीतरी बोलायला हवं."

उठून दारापर्यंत गेलो. ती ओट्याकडे तोंड करून उभी होती. परत आलो. माझा मुलगा सुजित टीव्हीसमोर बसून मला काहीतरी सांगत होता. मी त्याच्या ओठांकडे बघितलं नाही.

५ फेब्रुवारी

सुजितला म्हटलं, घर माझ्या नावावर आहे. ती राहील. तू बॅग भर. केवढ्याने बोललो कुणास ठाऊक — शेजारच्या काशीबाई जिन्यात येऊन उभ्या राहिल्या.

तो गेला. एकुलता एक आहे.