साठ जणांचा एक पूल

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (आडवाच पडलोय, त्यामुळे वेगळे कष्ट पडले नाहीत). तुझ्या गुडघ्याचं कसं आहे ते कळव. माझा उजवा पाय प्लास्टरमध्ये आहे आणि त्याला तुझी बालवाडी जबाबदार आहे.

तुला ठाऊकच आहे, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा मी शिकवतो तो वर्ग म्हणजे साठ डोकी आणि साठ दिशा. शेजारच्याचं नाव कुणाला माहीत नाही (रोल नंबर मात्र पाठ, हजेरीपटावर एकमेकांच्या खोट्या सह्या ठोकायला). पहिल्याच परीक्षेत निम्मा वर्ग आपटला, चौघं कॉलेज सोडायला निघाले, तेव्हा विभागप्रमुखांनी मला बोलावून सांगितलं, की वर्ग सावरला नाही तर पुढच्या वर्षी तुमच्या जागी दुसरा माणूस बघू. तू म्हणालीस, मी बालवाडीत करते तसं कर, एकट्याला जमणार नाही असं काम दे, गट्टी आपोआप होते. म्हणून मी रद्दी आणि गोंद देऊन दोन टेबलांमध्ये पूल बांधायला लावला. अट एकच, त्यावरून मी चालत जाणार.

दहा गटांचे दहा पूल झाले आणि दहाही आपल्याच भाराने बसले. मग पहिल्या दिवसापासून तोंड न उघडलेली एक मुलगी म्हणाली, "सगळे मिळून एकच करू या का?" ताई, त्या दिवशी वर्गात इतका गोंगाट झाला, की मला भरून आलं. त्या भरात मुलांनी माझं वजन विचारलं आणि मी बासष्ट सांगितलं (लग्नात होतं). त्यांनी सावधगिरी म्हणून वर दहा किलो धरले. खरं वजन एक्क्याऐंशी. विभागप्रमुखांच्या देखत मी पुलाच्या मधोमध पोचलो, त्यापुढचं छताकडे बघत अनुभवलं.

तेव्हापासून साठही जण (निघालेले चौघंसुद्धा) रोज कॉलेज सुटल्यावर एकत्र बसून पुलाच्या गणितातली चूक शोधतायत. ती सापडत नाही, कारण ती नाहीच. विभागप्रमुख खूश आहेत आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

तुझा,
लंगडा भाऊ

ता. क. : खरं काम हे, की मुलांनी तुझा नंबर मिळवलाय. माझं वजन विचारलं तर बासष्टच सांग.

ता. क. २ : राहू दे. आत्ताच मुलं येऊन गेली. फळांऐवजी वजनकाटा आणला होता. त्यावर चिठ्ठी, 'सर, आमचं गणित बरोबर होतं', आणि खाली साठ सह्या. सवयीने एकेक तपासली. एकानेही दुसऱ्याची ठोकलेली नाही.