रेघेवर कोणाचं नाव?

मूल (जि. चंद्रपूर), मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६

आज चंद्रपूरला जाऊन आलो. अंगातली ताकद उतरली आहे, एचआयव्हीच्या गोळ्या आता सुरू करायला हव्यात, असं समुपदेशक बाई म्हणाल्या. पण कागदावर एक रेघ रिकामी. तिथे घरातल्या कोणाचं तरी नाव हवं, रोज गोळीची आठवण देणारं. कशाला? नाव लिहिलं की बातमी गुजरीत, भाजीबाजारात पोचायला किती वेळ लागतो, हे साप्ताहिकात लोकांची उणीदुणी छापणाऱ्या माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

“बाई, नाव नाई देलं तर गोळ्या नाई का?”

“भाऊ, मिळतील ना. पण मधात सोडल्या, तर मंग हेच औषध लागू पडत नाई. घाईनं हो म्हणू नका. इचार करून गुरुवारी या.”

सरकारी, फुकट, आणि वर घाई नको? संशय वाढलाच. त्या रेघेचाही. सावली गावचा वैदू कसा, महिन्यात बरं करतो म्हणाला. दवाखान्याची गोळी तेवढी शिवायची नाही. त्याला कोणाचंच नाव नको होतं. म्हणजे मी मेलो तर कळवायचं कोणाला, हा प्रश्नच त्याला पडला नव्हता.

संध्याकाळी घरी थोरल्या बहिणीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, “गोळीनं तरास काय होते? दुसरी दवाई संगं चालते का? इचारलं?”

नव्हतं विचारलं. दोन तास बसून मी फक्त नावावर भांडलो होतो.

“मंग काऊन गेलता? गुरुवारी मी येतो संगं.”

समुपदेशक बाईंची मला आतापासूनच कीव येते आहे.