पेढीवाल्याच्या बायकोची अकरा पानं

अहो,

दोन महिन्यांनी तुमचं वर्षश्राद्ध. त्याच दिवशी तुमचं पुस्तक काढायचं म्हणून तुमच्या बँकेतले देशमुख भाऊजी काल हस्तलिखिताच्या वह्या न्यायला आले होते. "वहिनी, त्या दिवशी दोन शब्द तुमी बोला," म्हणाले. वह्या मी दिल्या नाहीत. का, ते तुम्हालाच सांगते.

वीस वर्षं तुम्ही दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या अमेरिकन पेढीवाल्याचं चरित्र लिहिलंत. लिहिलंत कसले? खाटेवर पडून तुम्ही सांगायचात, मी लिहायची! वर लाल पेनानं चुकाही माझ्याच काढायच्या. बोरीहून जिंतूरला एसटीनं कारकुनीला जाणारा माणूस, पण त्याच्यासारखे गालभर कल्ले राखलेत. न्हावी विचारायचा, "सायब, अर्धीच करायची का?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

काय तो तुमचा थोर पुरुष! रेल्वेला पैसा पुरवला, चर्च बांधलं, बुडती पेढी एकट्यानं तारली. त्याच्या बायकोला मात्र एक ओळ: 'पत्नीने संसार सांभाळला.' मी विचारलं होतं, "तिनं अजून काहीच केलं नसंल का हो?"

"तुला काय करायचंय? लिही गप."

मी लिहिलं. चुकलंच माझं.

परवा भाची परभणीहून आली. ज्या इंग्रजी पुस्तकावरून तुम्ही मला सांगायचात, ते तिच्याकडून वाचून घेतलं. बाईवर अकरा पानं आहेत! पेढी बुडायला आली तेव्हा हा महापुरुष तापानं अंथरुणात. लोक ठेवी परत मागायला दाराशी जमले, तर बाईनं दार बंद केलं नाही. आठ दिवस स्वतः गल्ल्यावर बसली. त्या पानांवर तुमच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. म्हणजे वाचलंत, आणि तरी मला 'एकट्यानं' लिहायला लावलंत! किती भेकड हो तुम्ही! केव्हाच मेलेल्या बाईचंही भय वाटलं?

कढी केली की अजून तुमची वाटी काढली जाते. त्याचाही राग येतो मला.

पुस्तक निघेल, शब्द देते. पण ती अकरा पानं भाचीला विचारून मी मराठीत उतरवीन, आणि मगच वह्या हाताबाहेर जातील. त्या दिवशी तुमच्या फोटोला हार घालीन आणि माइकवर तीच पानं वाचीन. भाऊजी म्हणतील, "वहिनी, आता बास करा." मी वाचत राहीन. तुम्हाला एकदा तरी शेवटपर्यंत ऐकावं लागेल.

तुमची,
सुमन