आमच्यामागे बोलणारे आवाज

कोरमंगला, मंगळवार संध्याकाळ

मैत्रिणी, फसवणूक म्हणू नकोस हं! कादंबरीसाठी संध्याकाळ मोकळी हवी होती, म्हणून आईचा रोजचा फोन घ्यायला माझ्या आवाजाचा बॉट बसवला. एवढंच.

आज मात्र मावशीच्या फोनवरून आई बोलली. "अगं, परवापासून कोल्हापुरात आहे. माझा फोन घरीच राहिला."

पण आत्ताच तर बॉटच्या रेकॉर्डिंगमध्ये तिनं "जेवलीस का?" विचारलं होतं. मी परत ऐकलं. तिचाच आवाज.

"मग माझ्याशी रोज कोण बोलतं?"

आई ओशाळून हसली. "दादानं माझ्या आवाजाचं ते काहीतरी लावून दिलंय. तेच करतं तुला फोन. माझी भजनाची वेळ असते गं."

दोनशे वर्षांनंतरचं जग कसं असेल, याच्यावर मी कादंबरी लिहितेय! आम्ही दोघी नसू, ही पीजीची खोली नसेल, आणि एक आवाज विचारत राहील, "जेवलीस का?" दुसरा म्हणेल, "हो, जेवले." कोण जेवलं? कोण?

कोल्हापूरची बस पकडतेय. आईसमोर बसून जेवायचंय. तुला काय सुनावायचं ते माझ्या बॉटला सुनाव. मी निघाले.