निळ्या दोऱ्याच्या पलीकडे

मंगळवार, संध्याकाळ. देवगड

आज कॉलेजच्या सरांशी फोनवर भांडले, एमआरआयवर आम्ही मिळून लिहितोय त्या लेखावरून. आवाज चढला माझा, चढू दे.

दाजी मच्छीमारांचा कुत्रा लाल्या, त्याच्या मेंदूचा रिपोर्ट आला. एमआरआयमध्ये औषध टोचल्यावर गाठ पांढरी चमकली होती, कडेबाहेर सगळं स्वच्छ. लाल्या गेल्यावर मेंदू काढून, तपासणीला पाठवण्याआधी त्याच कडेवर मी खुणेचा टाका घातला, दाजींनी दिलेल्या जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने. सूक्ष्मदर्शकाखाली दोऱ्याच्या पलीकडेही गाठीच्या पेशी निघाल्या.

सर म्हणाले, "तुझा टाकाच चुकला असणार. ही केस लेखातून गाळ."

का गाळू? मी देवगडात जनावरांचा दवाखाना चालवते म्हणून? टाका चित्र समोर ठेवून घातलाय. उद्या कोणी त्या पांढऱ्या कडेवर विसंबून ऑपरेशन केलं, तर उरलेली गाठ कोणाच्या जिवावर?

परतताना बंदरावर दाजी जाळं शिवत बसलेले. निळाच दोरा. रिपोर्टात काय आलं ते त्यांना सांगितलं.

"चित्र खोटा होता काय गो बाय?"

खोटं नव्हतं, दाजी. औषध पोचलं तिथवरच दिसलं.

"मगे लाल्याचा खरा काय ता लिव."

घरी येऊन लेखात तसंच लिहिलं. फोटोही लावला, निळ्या दोऱ्यासकट. सरांना लाल्याला गाळायचंच असेल, तर लेखावरचं माझं नाव आधी गाळावं.