उन्हात राहिलेला पिंजरा

सर,

तुम्ही गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणतोय. कधी खोली बदलली, कधी गाव, कधी नुसताच कंटाळा. आज बसलो, कारण चार वाजता विद्यानगरला, तुमच्याच रविवारच्या वर्गात, मला पोरांना पंचशीलाची ओळख करून द्यायची आहे. मला, दहावीत दोनदा आपटलेल्याला. काकू म्हणाल्या, "तूच बोल. शिकलेले फार लांबवतात." आणि तुमचा उंदरांचा पिंजरा हातात दिला, पोरांना दाखवायला.

पिंजरा पाहिला की तुमचं स्वयंपाकघर दिसतं. काकू तांदळाचं कुरतडलेलं पोतं दाखवतायत, "विष आणा, नाहीतर त्यांना पाट मांडा." शेजारचे तेलुगू मामा दारातून, "सर, तुमचा उंदीर हवा खाऊन परत येतो, हौ." तुम्ही हसत पिंजरा माझ्या सायकलला बांधता, "युनिव्हर्सिटीमागच्या माळावर सोड. कुणाच्या दारात नको." माळावर क्रिकेट चालू होतं. सायकल उभी करून एक ओव्हर म्हणून शिरलो. परतलो तेव्हा पिंजरा तापला होता आणि आतला उंदीर हलत नव्हता. तुम्हाला म्हणालो, "सोडला, सर." "कुठे पळाला?" "झुडपांकडे." तुम्ही खूश झालात. काकू अजून ती गोष्ट माझं कौतुक म्हणून सांगतात.

तुम्ही म्हणायचात, शील ही कुणाची आज्ञा नाही, आपण घेतलेला सराव आहे. मोडला तर पुन्हा घ्यायचा. आणि आधी हेतू बघायचा. मग मारायचा हेतू नव्हता, तर पहिलं, जीव न घेण्याचं शील मोडलं का? चौथं, खोटं न बोलण्याचं, मात्र ठरवून मोडलं. की मूळ गोची पाचव्यात? ते दारूचं, पण खरी भीती बेसावधपणाची, असं तुम्हीच सांगायचात. माझी दारू म्हणजे क्रिकेट. आता बेगम बाजारातून पार्सलं पोचवतो, तर जिन्याखालीच मोबाइलवर 'पोचवलं' दाबतो आणि मग वर चढतो. तेच ते, "सोडला, सर." हे आज सांगायचं तर काकूंदेखत सांगावं लागेल, त्या पहिल्या रांगेत बसतात. त्यावरच सकाळपासून अडलोय.

दार नीट पडतं का बघायला पिंजरा उघडून कोपऱ्यात ठेवला होता, आत माझ्या भज्याचा तुकडा. आत्ताच खट्कन वाजलं. कुणीतरी आलंय, मिशा हलवतंय. माळ वाटेवरच आहे. आधी ह्याला सोडतो, मग काकूंना सांगतो. हा कागद पिंजऱ्याखाली अंथरतोय, बाइकची सीट खराब होईल म्हणून. फक्त रविवारी तिथे अजून मॅच असते, सर. भीती तिचीच आहे.