मिठाचे दोन पुडे

॥ श्री ॥

मोरिवली, ४ ऑगस्ट

चि. सौ. मनालीस, अ. उ. आ.

घरातली एकमेव न डुगडुगणारी खुर्ची आईच्या व्यायामासाठी सरकारजमा झाली, तेव्हापासून मी चहा उभ्याने पितो आहे. बावन्न वर्षांच्या कर्त्या पुरुषाची ही अवस्था तुझ्या स्नायूंच्या प्रयोगशाळेने नोंदवून घ्यावी. फोनवर हे बोलता येत नाही. आई स्पीकर लावायला सांगते आणि मधेच माझी बाजू खोडते.

खुब्याच्या ऑपरेशननंतर तुझी वैदेहीवहिनी तू सांगितलंस तसंच करून घेते. आधी खुर्चीतून ऊठबस, मग दोन्ही हातांत मिठाचा एकेक पुडा घेऊन वर-खाली. घरात मीठ बरणीत सुटं, म्हणून पुडे शेजारच्या सखूमावशीकडून उसने आणले. आई हसली. म्हणाली, मिठागरात डोक्यावरून पाट्या वाह्यल्या, आता पोरगी किलोच्या मिठाची शिकवणी लावते. तरी करते. मोरीपर्यंत कुणाचा हात न धरता जायचं, एवढंच तिचं मागणं आहे.

तुझा लोभ उभ्या माणसावरही राहू दे.

नरेंद्र

बदलापूर, १० ऑगस्ट

ती. दादास, सा. न.

खुर्चीचं वाचून वाईट वाटलं. पण उभं राहून मांड्या सुधारतात आणि तुझ्या मांड्यांना त्याची गरज आहे.

आता नीट वाच. पडून राहिलं की म्हाताऱ्या माणसाचा स्नायू आठवड्याभरात झडायला लागतो. पण व्यायामाने तो वाढतोही, अगदी नव्वदीत. आमच्याच नाही, जगभरच्या अभ्यासांत दिसलंय. वजन फार लागत नाही, मीठ चालेल. लागतो तो थकवा. सहज होतंय तिथेच थांबलात तर फारसा उपयोग नाही. हात थरथरतात, दात आवळले जातात, ती शेवटची दोन-तीन उचलणीच कामाची. दुखलं, चक्कर आली तर थांबवा. दमली म्हणून थांबवू नका. आणि रोज अंडं नाहीतर सुकट पोटात जाऊ दे.

वहिनीला माझ्या वाटणीचाही नमस्कार. माया पातळ करू नकोस.

मनाली

मोरिवली, २८ ऑगस्ट

चि. सौ. मनालीस, अ. उ. आ.

हरिचंद्रकाका समाचाराला आले ते नेमके शेवटच्या ऊठबशीला. आई घामाघूम, कण्हत होती. काका उंबऱ्यातच थबकले. म्हणाले, आमच्या वहिनीला या वयात हमालीला लावलीत काय रे. तिथून बातमी कॅम्प पाचमधल्या आत्यापर्यंत पोचली, की नरेंद्रच्या बायकोने सासूला कामाला जुंपलंय. वैदेही दोन दिवस धड जेवली नाही.

आपल्या भावकीत ज्या म्हातारीला सून पेलाही उचलू देत नाही, ती सुखी. त्यामुळे आईला बढती मिळाली आहे. पलंग, कमोडची खुर्ची, पाणी तोंडाशी. माझी खुर्ची मला परत मिळाली. पुडे खिडकीत आहेत. परवा आईने हात लांब केला, तर माझ्या तोंडून निघालं, राहू दे आई, दमशील.

तू काळजी करू नकोस. इथे सगळे तिला फार जपतात.

नरेंद्र

बदलापूर, १० सप्टेंबर

ती. दादास, सा. न.

काल येऊन गेले, तू कंपनीत होतास. जुलैत आईची मांडी मोजली होती. तोच टेप आता दोन बोटं सैल पडतो. तिने हळूच विचारलं, तुझ्या अभ्यासातल्या म्हाताऱ्यांना सुना नसतात का, दीर नसतात का. मी म्हटलं, असतात, पण त्यांना आत सोडत नाही. ती बराच वेळ हसली, मग खोकला लागला.

काकांना तोंड देणं तुला जमत नसेल तर गणपतीचं विसर्जन झालं की मी तिला इकडे नेते. रागावलेय, तरी तुझीच,

मनाली

मोरिवली, ४ ऑक्टोबर

चि. सौ. मनालीस, अ. उ. आ.

शेवटी तू होतीसच. डॉक्टर कफाचं बोलले तेव्हा तू बाहेर औषध आणायला गेली होतीस. ते म्हणाले, खोकून टाकायलाही ताकद लागते, ती यांच्यात उरली नाही.

खांद्याला काका पुढे होते. परतताना मला म्हणाले, वहिनी फुलासारखी हलकी लागली, पुण्यवान बाई. मी मान हलवली. खुर्ची रिकामी असते, चहा मी उभ्यानेच घेतो.

तेराव्यानंतर खिडकीतले पुडे काढले. पावसाची ओल धरून आतल्या मिठाचा दगड झाला होता. तसे परत कसे द्यायचे? नाक्यावरून नवे आणले आणि दोन हातांत एकेक धरून सखूमावशीकडे गेलो. ती देवळात गेली होती. पुडे तिच्या ओट्यावर ठेवून आलो.

जमेल तेव्हा ये.

नरेंद्र